खानेसुमारी

एकतीस वर्षं मी हाउकिसाल्मीच्या चर्च-कचेरीत बसून
जन्मलेले, गेलेले, गाव सोडून हेलसिंकीला पळालेले
असे तीन रकाने भरले.
शेवटी शेवटी पहिल्या रकान्यात नुसता कागद दिसायचा.

आता निवृत्त. खिडकीबाहेर उणे सव्वीस,
आणि पडद्यावर माझं दुसरं गाव.
तिथे दुखणं उलटं: माणसं फार होतात.

एक घर रिकामं ठेवा, खेळ रात्रीत कुटुंब आणून बसवतो.
टपालवाला लागला तर टपालवाला जन्माला घालतो,
थेट पस्तिशीचा, आईबापाविना,
हिरवे केस, भर हिवाळ्यात अर्धी चड्डी.
दोनशेची मर्यादा मी घातली आहे.
दोनशे एकावा आला की कुणीतरी जातं,
आणि कोण, ते खेळ मला न विचारता ठरवतो.
म्हणून दर रविवारी मीच यादी उघडते.
कचेरीत पेन माझं होतं, निकाल दुसऱ्याचा असायचा.
इथे दोन्ही माझेच. कॉफी गार होते.

टपालवाल्याला मी तीनदा पुसलं.
चौथ्यांदा आला तेव्हा त्याला विजार घातली
आणि नाव ठेवलं, ओइवा.

खेळाचं स्वतःचं सामान मला परकं वाटायचं.
घरोघरी पोहण्याचे तलाव, पण सौना नाही.
मग लोकांनी हौसेनं केलेल्या वस्तू उतरवून घेत गेले:
चिंध्यांचे गालिचे, बर्चच्या सालीची टोपली,
छताखाली दांडीला ओवलेल्या राईच्या भाकऱ्या,
आणि एक निळा-पांढरा स्वेटर,
ब्राझीलमधल्या कुणा मुलीनं, बर्फ न पाहिलेल्या,
माझ्या एका फोटोवरून टाक्याला टाका जुळवत केलेला.
तो हिल्काचा. माझ्या बहिणीचा.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
खेळात ती साठीची आहे, साठीचीच राहते.
वय वाढण्याचं बटण मी तिच्यापुरतं बंद केलंय.

मंगळवारी अपडेट आलं.
गाव उघडलं तर सगळे टकले.
दारं लालभडक, भाकऱ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं,
ओइवाचं नुसतं डोकं बागेत तरंगतंय, पत्रं वाटत.

हिल्काचा नातू वेइक्को फोनवर म्हणाला,
निम्मं फोल्डर बाहेर काढ, खेळ चालव.
गाव सुधारलं तर खोट बाहेरच्या निम्म्यात.
मग त्याचं निम्मं. मग त्या निम्म्याचं निम्मं.
चार हजार वस्तू, बारा खेपा.
बाराव्या खेपेला एकच उरलं.
खरं तर आठव्यालाच मला कळलं होतं,
तरी मी उगाच गालिचे तपासत बसले.

त्या मुलीचा आता पत्ता नाही.
दुरुस्त करणारं कुणी नाही.
एका स्वेटरपायी गावाला टकलं ठेवायचं?
काढला. पुसला नाही; बाहेर,
तिच्या नावाच्या फोल्डरात ठेवला.

गाव उघडलं. केस आले, दारं लाकडाची झाली,
ओइवाला धड मिळालं.
आणि तळ्याकाठी, गुडघाभर बर्फात, हिल्का:
अंगावरचं नाहीसं झालं की खेळ हाताला लागेल ते चढवतो,
तिला त्यानं चढवला
पिवळाजर्द पोहण्याचा पोशाख.

मी हसले. मोठ्यानं, एकटीच, पहाटे चारला.
कारण हिल्का, खरी हिल्का,
दर जानेवारीत तळ्यावरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडायची,
भोकाच्या कडेला मला भित्री म्हणायची
आणि काळ्या पाण्यात मानेपर्यंत उतरायची.
काठावर स्वेटर धरून मी.

अजून धरलाय.

आज गावात दोनशे एक आहेत.
असू देत रविवारपर्यंत.